बांधावरची निलगिरी नेमकी कोणती?

प्रश्न : रोपवाटिकेतून ‘हायब्रीड निलगिरी’ म्हणून रोपं आणून बांधावर लावली. आता दोन-तीन झाडांच्या पानांना लिंबासारखा वास येतो, बाकीच्यांना बामासारखा. पानांचं तेल तपासून जात आणि संकर कळतो का?
– एक वाचक, शिराळा

उत्तर : निम्मं काम तुमच्या नाकानेच केलंय. लिंबूवासाची ती सिट्रिओडोरा जात. तिच्या तेलात सिट्रोनेलाल हे लिंबूवासाचं द्रव्य भरपूर, बहुधा 65 ते 85 टक्के. 1995 साली तर तिला कोरिंबिया या वेगळ्याच प्रजातीत हलवलं. म्हणजे ती झाडं तुमच्या ‘हायब्रीड’मधली नव्हेतच, रोपांची सरमिसळ झाली, दुसरं काय!

बामाचा वास सिनिओल या तेलातल्या द्रव्याचा. पान उन्हासमोर धरा, सुईच्या टोकाएवढे पारदर्शक ठिपके दिसतील. तेल असतं ते तिथं. पण या वासावरून झाडाला उटीची ग्लोब्युलस ही जात समजू नका. ती थंड डोंगरातली, तुमच्याकडच्या उन्हाळ्यात तिचा निभाव लागायचा नाही. आपल्याकडे निलगिरी म्हणून लावतात ती बहुतेक टेरेटिकॉर्निस, कमाल्डुलेन्सिस नाहीतर या दोघींचा संकर.

तेलाची पंचाईत होते ती इथेच. सिडनीच्या बेकर आणि स्मिथ यांनी 1902 मध्ये निलगिरीच्या जातींचं वर्गीकरण करताना पानांच्या शिरा आणि तेल यांचा मेळ दाखवला होता. पुढे 1927 मध्ये पेनफोल्ड आणि मॉरिसन यांना डाइव्हज या एकाच जातीत, दिसायला अगदी सारखी पण तेल निराळं अशी झाडं सापडली : एकात पिपेरिटोन हे निराळं द्रव्य, दुसऱ्यात सिनिओल. तेव्हा तेल वेगळं म्हणून जात वेगळी, हे सरसकट खरं नाही.

आईबापांची तेलं अगदी भिन्न असतील तर संकराचं तेल पुष्कळदा मधलं निघतं आणि गॅस क्रोमॅटोग्राफवर, म्हणजे तेलातली द्रव्यं वेगळी करून मोजणाऱ्या यंत्रावर, ते दिसतं. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेचे एफआरआय-4 आणि एफआरआय-5 हे संकर मात्र वरच्याच दोन जातींचे, आईबापांची फक्त अदलाबदल, एकात जी जात आई ती दुसऱ्यात बाप. दोन्ही जातींच्या तेलात सिनिओल आणि पायनिन ही द्रव्यं असतातच. प्रमाणातला फरक पानाचं वय आणि ऋतू यांतच बुडून जातो.

म्हणून प्रयोगशाळेत पैसे घालण्याआधी कळ्या बघा. कळीवरची टोपी लांब, शिंगासारखी निमुळती असेल तर टेरेटिकॉर्निस. टोकाला चोच असेल तर कमाल्डुलेन्सिस. धड हीही नाही, तीही नाही, असं असेल तर संकराचा संशय घ्या. खात्रीच हवी तर डीएनए तपासणी.

सिट्रिओडोराच्या तेलाला साबण-अत्तरवाले विचारतात, पण दोन-तीन झाडांच्या पाल्यावर भट्टी पेटवू नका.