दर महिन्याला ठरल्यासारखा येणारा ताप

प्रश्न : डॉक्टर ताई, नमस्कार. आम्ही चिपळूणला राहतो. आमची मुलगी साडेतीन वर्षांची आहे, गेल्या वर्षीपासून तिला सारखा ताप येतोय. सकाळी मस्त खेळत असते आणि संध्याकाळी अंगाला हात लावावा तर नुसती भट्टी, १०३, १०४. चार-पाच दिवस राहतो, पॅरासिटामॉल दिलं की तेवढ्यापुरता उतरतो, परत चढतो. सर्दी नाही, खोकला नाही. दर वेळी घसा लाल आहे, टॉन्सिल सुजलेत म्हणून अँटिबायोटिक, दोनदा विडाल पॉझिटिव्ह आली म्हणून टायफॉइडची इंजेक्शनं, आत्तापर्यंत ९ कोर्स झाले. एकदा ताप गेला की इतकी ठणठणीत असते की आजारी होती हे सांगून कोणाला पटणार नाही. बायको नोकरी करते म्हणून मुलीकडे लक्ष नाही असं नातेवाईक बोलतात, माझी आई म्हणते दृष्ट लागलीय, बायको रात्री एकटी रडत बसते. मी कालनिर्णयवर दुधाच्या खाड्यांशेजारी तापाच्या तारखा लिहायला लागलो. ४ जून, १ जुलै, २९ जुलै, २६ ऑगस्ट, २२ सप्टेंबर. हे बघून तर मी जास्तच घाबरलोय. ब्लड कॅन्सर वगैरे नसेल ना?
– एक बाबा, चिपळूण

उत्तर : बाबा, तुमच्या सगळ्या पत्रात मला सगळ्यात मोलाच्या वाटल्या त्या कालनिर्णयवरच्या तारखा. २७ दिवस, २८, परत २८, परत २७. साधं इन्फेक्शन असं तारीख बघून येत नाही हो. बालवाडीत जाणारं मूल वर्षातून सहा-आठ वेळा आजारी पडतंच, पण ते कसंही, कधीही, आणि बहुतेक वेळा नाक गळत. तुमच्या मुलीचं तसं दिसत नाही.

पत्रावरून निदान करता येत नाही आणि मी ते करणारही नाही, पण अशा हकिकतीत आम्हा बालरोगवाल्यांच्या डोक्यात पहिलं नाव येतं ते पीएफएपीए. म्हणजे ठरावीक दिवसांनी येणारा ताप, त्याच्याबरोबर तोंडात बारीक फोड, घसा लाल आणि मानेला गाठी. प्रत्येक मुलात सगळं असतंच असं नाही. १९८७ साली अमेरिकेत मार्शल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा १२ मुलांबद्दल पहिल्यांदा लिहिलं. हा ताप बहुतेक वेळा वयाच्या पाच वर्षांच्या आत सुरू होतो, तीन ते सहा दिवस राहतो आणि आपला आपण जातो. यात जंतू नसतोच, शरीराची जी सूज आणणारी यंत्रणा आहे ना तीच मधूनमधून विनाकारण चालू होते. म्हणून अँटिबायोटिकचा काही उपयोग होत नाही, पण कोर्स पाच दिवसांचा आणि ताप पण पाच दिवसांचा, त्यामुळे औषधानेच गेला असं सगळ्यांना वाटतं, डॉक्टरांनासुद्धा. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही, मुलांची वाढ नीट होते आणि बहुतेकांचा शाळकरी वयात हळूहळू बंद होतो.

विडालबद्दल मला कळकळीने सांगायचंय. आपल्याकडे ही टेस्ट फार केली जाते आणि एकट्या विडालवर टायफॉइड ठरवता येत नाही, दुसऱ्या कारणाने ताप असला तरी ती पॉझिटिव्ह येऊ शकते. खरंच शंका असेल तर अँटिबायोटिक सुरू करायच्या आधी ब्लड कल्चर, म्हणजे रक्तात जंतू वाढतो का ते बघणारी तपासणी, पाठवायला हवं.

आता तपासण्या. सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी) आणि सीआरपी (शरीरात सूज आहे का ते दाखवणारी रक्ताची टेस्ट) एकदा ताप असताना आणि एकदा मुलगी बरी असताना, असं दोन्ही वेळा करायचं. पीएफएपीएमध्ये तापात सीआरपी वाढतं आणि मधल्या काळात नॉर्मल होतं. घशाचा स्वॅबही घ्यावा. न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी साधारण २१ दिवसांच्या चक्राने एकदम कमी होण्याचाही एक आजार असतो, तोंडात फोड त्यातही येतात, तो नाही ना हे बघायला काही आठवडे आठवड्यातून दोनदा सीबीसी करावं लागू शकतं. पोरीला इतकं टोचायचं म्हणजे आईबापाच्या जिवावर येतं मला माहितीय, पण ते एकदाच नीट करून घ्या. ब्लड कॅन्सरची भीती तुम्ही विचारलीत. मधले तीन आठवडे छान खाणारं, खेळणारं, वजन वाढणारं मूल ही धीर देणारी गोष्ट आहे, तरी डॉक्टरांना तोंडाने स्पष्ट विचारा आणि रिपोर्ट समोर ठेवून उत्तर घ्या, मनात ठेवून झोप उडवू नका.

निदान पक्कं झालं तर ताप चढायला लागताच स्टेरॉइडचा एखादा डोस देतात आणि काही तासांत ताप उतरतो, आईवडिलांचा विश्वास बसत नाही इतका. पण बऱ्याच मुलांत त्यानंतर पुढचा ताप लवकर येतो, आणि दुसरं इन्फेक्शन असलं तर ते झाकलं जातं, म्हणून घरी स्वतःच्या मनाने अजिबात द्यायचं नाही. फारच त्रास असेल तर टॉन्सिल काढल्यावर बऱ्याच मुलांचा ताप थांबतो, पण ती आत्ता घाई नको. आणि कोकणात राहता, पावसाळ्यात मलेरिया, डेंग्यू, लेप्टो असतंच, त्यामुळे 'हा आपला नेहमीचाच' म्हणून कुठलाही ताप सोडून देऊ नका. ताप मध्येच अवेळी आला, सात दिवसांच्या वर गेला, सांधे सुजले, अंगावर पुरळ आलं, वजन वाढेना, मूल मलूल पडलं किंवा झटका आला तर लगेच दवाखान्यात.

तुमच्या मिसेसना हे वाचून दाखवा. त्यांच्या नोकरीमुळे, डब्यामुळे, कुल्फी दिल्यामुळे यातलं काहीही झालेलं नाही. उलट घसा आणि तोंड दुखत असताना गार दहीभात, गार दूध खुशाल द्या, गिळायला सोपं जातं. आजी दृष्ट काढतायत तर काढू देत, त्यांचाही जीव तुटतोय, फक्त मिरच्यांचा धूर पोरीजवळ नको. आणि बोलणाऱ्या नातेवाइकांना उत्तर तुम्ही द्या, बायकोला द्यायला लावू नका.

हा अंक हातात पडेल तेव्हा ऑक्टोबर सुरू झाला असेल. तुमच्या हिशोबाने पुढचा ताप १९-२० तारखेच्या आसपास यायला हवा. त्याआधीच, मुलगी बरी असताना, बालरोगतज्ज्ञांची अपॉइंटमेंट घेऊन कालनिर्णयची ती पानं, ९ कोर्सच्या चिठ्ठ्या आणि वजनाचा तक्ता घेऊन जा, बरी असतानाचं रक्त तेव्हाच देऊन टाका आणि ताप आल्याच्या पहिल्याच दिवशी दुसरं रक्त द्यायला येऊ का हे विचारून ठेवा. तोंडात फोड दिसले तर मोबाइलवर फोटो काढा, दवाखान्यात पोचेपर्यंत ते बरे झालेले असतात.