नऊ दिवस उरलेत, ताई

सांगलीतल्या विश्रामबागच्या एका ताईंचं पत्र आलंय. त्या घरी ब्लाउज शिवतात. फोटो 'फक्त मित्रांना' दिसतील असं ठेवलं होतं. ॲप अपडेट झालं आणि ते सगळ्यांना दिसायला लागले. कुणीतरी ते उचलून त्यांच्या नावानं खोटं खातं उघडलं, गिऱ्हाइकांकडे ॲडव्हान्स मागितला. तक्रार केली, नकार आला. "आता कशावरच विश्वास उरला नाही. कंपनीवर केस करता येईल का?" अशी पत्रं हल्ली दर महिन्याला येतात.

ताई, केसचं नंतर बघू. तुम्ही जोडलेली दोन उत्तरं पुन्हा वाचा. पहिलं दोन महिन्यांपूर्वीचं, 'रिपोर्ट'चं बटण दाबल्यावर आपोआप आलेलं. त्याच्या जोरावर पुढे जाता येत नाही. दुसऱ्या ईमेलखाली 'ग्रिव्हन्स ऑफिसर', म्हणजे कंपनीचा तक्रार निवारण अधिकारी, असं लिहिलंय. "तेच परत पाठवलं" म्हणून तुम्ही ते सोडून दिलंत, आणि सगळं अडलंय ते त्याच्यावरच. माहिती तंत्रज्ञान नियम २०२१, नियम ३अ: या अधिकाऱ्याचं उत्तर मिळाल्यापासून ३० दिवसांत सरकारनं नेमलेल्या तक्रार अपील समितीकडे अपील करता येतं. तुमच्या ईमेलला आज एकवीस दिवस झाले. अपील ऑनलाइन होतं, दिल्लीला जावं लागत नाही. आजच रात्री बसा. मुदत गेल्यावर येणारे पक्षकार पाहिले की जीव तुटतो, कारण त्यांचं म्हणणं बहुतेक वेळा खरं असतं.

जुना फोन एक्स्चेंजमध्ये देणार असं लिहिलंय, तो अजिबात देऊ नका. खोट्या खात्याची लिंक, तारखेसकट स्क्रीनशॉट, गिऱ्हाइकांना गेलेले मेसेज, सगळं मूळ जागी राहू द्या. असा डिजिटल पुरावा कोर्टात द्यायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. फोनच गेला तर ते कशाच्या आधारावर देणार? ज्या गिऱ्हाइकांनी पैसे पाठवले, त्यांना आत्ताच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायला सांगा.

आता कंपनीवरची केस. सेटिंग परस्पर बदलल्याची तक्रार खोटी नसते. डिसेंबर २००९ मधल्या अशाच बदलांवरून फेसबुकला २०११ मध्ये अमेरिकेत ग्राहकांचं हित बघणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेशी तडजोड करावी लागली. पण तुम्ही अपडेटनंतर न वाचता 'सहमत' दाबलंत हे स्वतःच लिहिलंय, आणि कंपनीचा वकील पहिलं बोट तिथेच ठेवणार. ग्राहक आयोगात जायला दोन वर्षं आहेत, मात्र फुकट सेवेत तुम्ही 'ग्राहक' ठरता का यावर वाद होईल. डेटा संरक्षण कायदा २०२३ चा असला तरी त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि संमतीची मुख्य कलमं त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायची आहेत. दिवाणी दाव्याचं म्हणाल तर विजयनगरच्या कोर्टात तारखांवर तारखा घेत बसलेली माणसं मी रोज बघतो. लग्नसराईचं काम सोडून तुम्ही तिथे बसावं असं मला वाटत नाही.

अपील दाखल झाल्यावर त्याचा क्रमांक वहीत लिहून ठेवा आणि मला कळवा.