खालची दाढ ठणकतेय, रूट कॅनाल सांगितलंय, पण डेंटिस्टच्या खुर्चीत बसायचीच भीती वाटते. काय करू?

भीती गेली की मग जाऊ असं ठरवलं असेल तर ते होणार नाही, घरी बसून ही भीती जात नाही उलट वाढते. भीती घेऊनच जायचं. मी पण याच पार्टीतली, नुसता त्या मशीनचा आवाज आठवला तरी तळहाताला घाम यायचा.

तुमची खालची दाढ आहे म्हणून तर मी म्हणेन याच आठवड्यात जा. वरच्या दाताला भूल साधारण त्या दाताच्या बाजूलाच देतात, पण खालच्या दाढेसाठी मागे जबड्याच्या आतल्या बाजूला नस असते तिथे इंजेक्शन द्यावं लागतं, मग अर्धा ओठ आणि अर्धी जीभ बधिर होते. आता होतं काय, की दाढेत इन्फेक्शन होऊन आत सगळं सुजलं असेल तर तिथे आम्लता वाढते आणि भूल नीट लागतच नाही, वरून अजून इंजेक्शनं द्यावी लागतात. "मला तर भूल देऊनही दुखलं" हे ज्यांच्याकडून ऐकून आपण घाबरतो ना, त्यातले बरेचजण असेच अगदी शेवटी, रात्रभर झोप नाही गाल सुजलाय अशा अवस्थेत गेलेले असतात. म्हणजे घाबरून थांबलो की ज्याला घाबरतो तेच होतं. आणि ठणका आपोआप थांबला तर खूश होऊ नका, आतली नस मेली म्हणूनही थांबतो, इन्फेक्शन तिथेच असतं.

पहिल्या दिवशी फक्त दाखवायला जा. फोनवरच सांगा की मला खूप भीती वाटते, आज फक्त बघा आणि एक्सरे काढा, काम काही करायचं नाही. लाज वाटते सांगायला, पण त्यांना हे अजिबात नवीन नसतं. आणि यावर डॉक्टर काय बोलतात त्यावरून लगेच कळतं. एका ठिकाणी मला "एवढ्या मोठ्या झालात आणि घाबरता काय" असं ऐकवलं, मी सरळ उठून आले. नंतर ज्या मॅडम मिळाल्या त्या म्हणाल्या, डावा हात वर करा, मी थांबेन. मी काही दुखत नसताना उगाचच हात वर केला, खरंच थांबतात का बघायला. थांबल्या! त्यानंतर मी जरा सैल झाले. भीती दुखण्याची कमी आणि तोंड उघडं असताना आपल्या हातात काहीच नाही याची जास्त असते असं माझं मत आहे.

इंजेक्शनबद्दल दोन गोष्टी आधीच माहीत असू द्या. सुईच्या आधी हिरडीला बधिर करणारं जेल लावा म्हणावं, आणि औषध हळूहळू सोडा म्हणावं, भसकन सोडलं की जास्त दुखतं. दुसरं म्हणजे भुलेच्या औषधात बऱ्याचदा थोडं अ‍ॅड्रेनॅलिन असतं, त्याने काही मिनिटं छाती धडधडू शकते आणि घाबरट माणसाला वाटतं संपलं आता सगळं. ते औषधामुळे असतं, थोड्या वेळात ओसरतं. मला आधी सांगितलं होतं म्हणून मी खुर्चीतून पळाले नाही 😄

आवाजासाठी इयरफोन न्या, डॉक्टरांना विचारून एका कानात लावा. आणि क्लिनिकचा तो ठरावीक वास येतो ना, त्यात लवंगेच्या तेलातलं युजेनॉल असतं, म्हणजे आजी दाढेत बोळा ठेवायची तोच वास. हे कळल्यापासून मला तो वास तरी निदान घाबरवत नाही.

सकाळची पहिली अपॉइंटमेंट घ्या, दिवसभर टेन्शन घेत बसावं लागत नाही. खाऊन जा, उपाशीपोटी चक्कर येते. येताना सोबत कोणीतरी असलं तर बरं, पण दाढ काढली की नजर जाते असं सांगणारी आत्या वगैरे नको, तसं काही नसतं. भूल उतरेपर्यंत काही तास गरम चहा नको आणि चावून खायचंही नको, तोंड भाजतं, ओठ-गाल चावला जातो आणि कळतही नाही.

खर्चाची पण भीती असेल तर मुंबईत सरकारी डेंटल कॉलेज आहे, महापालिकेच्या नायर हॉस्पिटलचं आहे, नागपूरलाही सरकारी आहे, तिथे खूप कमी पैशात होतं. विद्यार्थी करतात पण वर सर असतात. फक्त वेळ जातो आणि गर्दी असते, त्यामुळे फारच घाबरत असाल तर तिथे एकटे जाऊ नका. एवढं करूनही खुर्चीत बसवतच नसेल तर काही प्रायव्हेट क्लिनिकमध्ये लाफिंग गॅस (नाकाने घ्यायचा, भीती कमी करणारा गॅस) देतात, त्याची चौकशी करा. बीपी, शुगर, रक्त पातळ करायची गोळी, कसली अ‍ॅलर्जी किंवा दिवस गेलेले असतील तर ते मात्र पहिल्याच भेटीत सांगा, विचारायची वाट बघू नका.