अल्बर्ट किंग खरंच एवढा मोठा गिटारवादक आहे, की चाहते उगाच डोक्यावर घेतात?

तुम्ही लिहिलंय की दोन वर्षं अमेरिकन ब्लूज गिटारवादक स्टीव्ही रे वॉन वाजवताय, कुणीतरी त्याच्या आधीच्या पिढीचा ब्लूज गायक-गिटारवादक अल्बर्ट किंग ऐकायला सांगितलं, दोन अल्बम ऐकले आणि प्रत्येक सोलोत तेच चार-पाच तुकडे सापडले. हे वाक्य मी घरात पंचवीस वर्षं ऐकत आलोय, म्हणून लिहायला बसलो.

तुकडे थोडेच आहेत. मी मोजलेत. पण मोजायची वेळ का आली ते आधी सांगतो.

मी डावखुरा. घरात गिटार एकच, आणि ती दादाची. तारा उलट्या लावायला तो हात लावू देत नसे, आणि त्याचंही बरोबर होतं, वाजवणारा तोच होता. मग मी गिटार तशीच उलटी धरायचो. जाड तार खाली, जमिनीकडे, आणि पातळ तार वर, हनुवटीकडे. दादाला शिकवायला जे सर यायचे त्यांनी एकदा पाहिलं आणि म्हणाले, "सवय लागायच्या आत सोड. असं वाजवून कुणी गिटारवादक होत नसतं." ते गेल्यावर मी दार लावून वाजवायचो. पुस्तकातली कॉर्डची एकही आकृती माझ्या कामाची नव्हती, प्रत्येक कॉर्ड बोटं वेगळी ठेवून शोधावी लागे.

मग कुठून तरी एक व्हिडिओ कॅसेट आली. त्यात एक धिप्पाड माणूस, हातात बाणाच्या टोकासारखी गिटार. तोवर अल्बर्ट किंग मी फक्त ऐकला होता. कॅमेरा त्याच्या हातावर गेला आणि मी टेप थांबवली. जाड तार खाली होती. माझ्यासारखीच. मी ओरडलो, दादा आला, त्याने नीट पाहिलं आणि म्हणाला, "बघ, उलटं वाजवतो म्हणूनच चार सुरांत अडकलाय."

दादा स्टीव्हीचा भक्त, तुमच्यासारखाच. मला त्या वाक्याचा राग आजही येतो, कारण ते तांत्रिकदृष्ट्या चूक आहे. बाकी सगळे पातळ तार बेंड करताना, म्हणजे स्वर चढवायला तार बाजूला सरकवताना, ती वर ढकलतात. अल्बर्टची पातळ तार वरच असल्यामुळे तो ती खाली ओढायचा, मूठ मिटताना बोटं तळहाताकडे येतात तशी. त्यात तारा नेहमीपेक्षा खालच्या सुरात लावलेल्या, म्हणजे ताण कमी. त्यामुळे जिथे इतर जण एका स्वरावर थांबतात तिथून त्याची तार आणखी वर जाऊ शकायची. तार छेडायची चकती, म्हणजे पिक, नाही, नुसता अंगठा. गिटारसुद्धा विचार करून घेतलेली: गिब्सन कंपनीची ती बाणासारखी फ्लाइंग व्ही दोन्ही बाजूंनी सारखी, त्यामुळे उलटी धरली तरी वरच्या फ्रेट्सपर्यंत, म्हणजे दांडीवरच्या पट्ट्यांपर्यंत, हात जातो. डावखुरा म्हटलं की लोक जिमी हेंड्रिक्सचं नाव घेतात, पण त्याने तारा बदलून लावल्या होत्या. अल्बर्टने तशाच ठेवल्या, ओटिस रश या दुसऱ्या ब्लूज गिटारवादकानेही.

त्याच सुट्टीत दादा म्हणाला, "लिहून काढ तुझ्या अल्बर्टचे सगळे लिक, म्हणजे तेच ते तुकडे. वहीचं एक पान भरलं तर मी बोलणं बंद करतो." मी त्याचा 'बॉर्न अंडर अ बॅड साइन' हा अल्बम घेतला. १९६७ चा, मेम्फिसच्या स्टॅक्स कंपनीचा, मागे साथीला स्टॅक्सचा बँड, बुकर टी.ची मंडळी. तीन आठवडे टेप पुढे-मागे केली. निघाले अकरा तुकडे. अकराच. दादा हसला.

सात नंबरचा तुकडा साधा आहे, चार स्वर, तिसरा बेंड. मी म्हटलं, वाजव. त्याने एका दमात वाजवला, एकदम स्वच्छ. मग मी टेप लावली. टेपमध्ये तार कोमल गंधारापासून वर निघते, पण शुद्ध गंधारापर्यंत पोचत नाही. मधेच कुठेतरी थांबते. ड्रमचा ठोका निघून जातो, तरी ती तिथेच. मग उरलेली वाट चढते, तीही पूर्ण नाही. दादाने पुन्हा वाजवला, तर तार सरळ शुद्धावर. तिसऱ्यांदा मधे थांबला, पण ठोक्याच्या आधीच सुटला. दहा-बारा वेळा केलं. त्याच्या बोटांना थांबणं जमत नव्हतं. शेवटी म्हणाला, "टेप स्लो चाललीये," आणि उठून गेला.

मग मी तोच सात नंबर त्या अल्बममध्ये जिथे जिथे येतो तिथे तिथे पुन्हा ऐकला. दर वेळी थांबायची जागा वेगळी. कधी गायनाचं वाक्य संपल्या संपल्या येतो, कधी गाणाऱ्याला श्वास घेऊ देऊन. आणि गाणारा तोच आहे, हे लक्षात घ्या. आवाज मऊ, गिटार धारदार, एकच माणूस दोन आवाजांत बोलतोय. बाणांच्या खुणा करत ते सगळं लिहिलं तेव्हा अकरा तुकड्यांना चौतीस पानं लागली. दादाने वही उघडूनही पाहिली नाही.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर, जेवढं मला देता येतं तेवढं: चाहते तुकडे मोजत नाहीत, तो स्वर कुठे सोडतो ते ऐकतात. आणि 'चाहते' म्हणजे कोण तेही बघा. क्रीम या ब्रिटिश रॉक बँडच्या 'स्ट्रेंज ब्रू'मधला एरिक क्लॅप्टनचा गिटार सोलो ऐका, १९६७ चाच, बोली सरळ अल्बर्टची आहे. १९८३ मध्ये आलेल्या, गायक डेव्हिड बोवीच्या 'लेट्स डान्स'वर तुमच्या स्टीव्हीने जो सोलो वाजवलाय तो ऐका आणि लगेच अल्बर्ट लावा. तुम्ही दोन वर्षं अल्बर्टच वाजवताय, फक्त दुसऱ्याच्या हातून आलेला.

त्याच वर्षी ६ डिसेंबरला कॅनडात, हॅमिल्टनच्या एका टीव्ही स्टुडिओत दोघं एकत्र बसले. अल्बर्ट साठीचा, स्टीव्ही २९ वर्षांचा, पहिला अल्बम नुकताच आलेला. रेकॉर्ड १९९९ मध्ये निघाली. त्यात 'ब्लूज ॲट सनराइज' पंधरा मिनिटांचं आहे, तेवढं एक ऐका. स्टीव्हीकडे वेग जास्त, स्वर जास्त, जाड तारांमुळे आवाजही भरीव. तरी कोण कुणाला जागा करून देतंय ते डोळे मिटूनसुद्धा कळतं. दादाला हे ऐकवलं तर म्हणाला, "वयाचा मान ठेवला त्याने." मी म्हणतो, मान वयाचा नव्हता.

आता ज्या गोष्टी मान्य करायच्या त्या करतो. कॉर्ड शिकायच्या असतील तर अल्बर्टकडे जाऊ नका, तो जवळजवळ वाजवतच नाही. सगळ्या रेकॉर्ड्स सारख्या नाहीत, नंतरच्या काहींमध्ये मागचा बँड इतका दाटून वाजतो की त्याला थांबायला जागाच उरत नाही. तुम्ही ऐकलेले दोन अल्बम त्यांतले असतील तर तुमचं मत मला समजू शकतं. १९६७ चा तो अल्बम आणि १९६८ ची सॅन फ्रान्सिस्कोच्या फिलमोर सभागृहातली लाइव्ह रेकॉर्ड, 'लाइव्ह वायर/ब्लूज पॉवर', या दोन ऐकल्याशिवाय मत बनवू नका. आणि स्टीव्ही लहान ठरतो असं मी म्हणत नाहीये. १९९० मध्ये तो हेलिकॉप्टर अपघातात गेला तेव्हा ३५ वर्षांचा होता. पुढे तो कुठे थांबायला शिकला असता, हा विचार मला अजूनही त्रास देतो.

करून बघायचं असेल तर एक तार घ्या, एक फ्रेट, आणि एकाच स्वरावरून तार बेंड करत चार वेगवेगळ्या उंचींवर जाऊन थांबा, सा ते शुद्ध रे एवढं अंतर पूर्ण धरून: पाव, अर्धा, पूर्ण, दीड. प्रत्येक ठिकाणी चार ठोके. स्वर हलला तर पहिल्यापासून. आठवडाभर दुसरं काही वाजवू नका.

घरात डावखुरं मूल असेल आणि ते गिटार उलटी धरत असेल तर कुणालाही त्याला "सोड" म्हणू देऊ नका. डावखुऱ्यांच्या गिटारी मिळतात, परवडत असेल तर जरूर घ्या, मलाही ते सोपं गेलं असतं. पण नसेल जमत तर उलटीच धरू द्या.

आणि दादा, तू हे वाचत असशील तर वही माझ्याकडेच आहे. सात नंबर अजून बाकी आहे.