मावशीचं कौतुक आणि तुझा प्रश्न

प्रिय ईरा,

सांगलीहून पाठवलेला तुझा मोठा मेसेज वाचला. मावशीच्या सासरी गौरी जेवायच्या दिवशी तिने पहाटे चारला उठून पुरण शिजवलं, सोळा भाज्यांचा नैवेद्य केला, सवाष्णींना वाढलं, आणि येणारा प्रत्येक जण म्हणत होता, "बँकेत मॅनेजर आहे, पण घरचं सगळं सांभाळून करते हो!" काकाही नोकरी करतात. त्यांच्याबद्दल असं कुणीच म्हटलं नाही. तू विचारलंस, ही आपली मराठी पद्धत आहे का? आणि उद्या माझ्याकडूनही हेच अपेक्षित आहे का?

पहिल्याचं उत्तर हो. दुसऱ्याचं, निदान माझ्यापुरतं, नाही.

घरकाम बाईचं हे तर फार जुनं आहे आणि फक्त आपल्याकडचं नाही. पण शिकलेल्या, कमावत्या बाईचं कौतुक करताना तिच्या घराची हजेरी घ्यायची, ही रीत आपल्याकडे पडली ती मुलींच्या शिक्षणाबरोबरच. १८८४ साली पुण्यात मुलींचं हायस्कूल निघालं, आजची हुजूरपागा. तेव्हा टिळकांच्या 'मराठा' या इंग्रजी वर्तमानपत्राने तिथल्या अभ्यासक्रमावर कडक टीका केली. मुलींना संसारात उपयोगी पडेल तेवढं शिकवावं, असा त्यांचा सूर होता. शाळेच्या बाजूने बोलणारे सुधारकही पुष्कळदा सांगत, की शिकलेली मुलगी चांगली आई होईल, घर टापटीप ठेवील. समाजाला पटवायला ते सोपं पडलं असेल. पण त्यात कबूल झालेली अट अजून कुणी मागे घेतलेली नाही. शीक, पण घराला झळ लागू देऊ नकोस.

या शाळेच्या मागणीसाठी पुण्यात सभा भरली होती. तिथे रमाबाई रानड्यांनी गव्हर्नरांसमोर इंग्रजीत लिहिलेलं भाषण वाचलं. लग्न होऊन सासरी आल्या तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या आणि त्यांना अक्षरओळखही नव्हती. त्यांच्या नवऱ्याने, न्यायमूर्ती रानड्यांनी, त्यांना शिकवलं, हे आपण शाळेत वाचतो. शाळेत सांगत नाहीत ते असं, की त्या भाषणानंतर घरातल्या मोठ्या बायकांनी त्यांना टोमण्यांनी हैराण केलं. त्यांच्या आठवणींच्या पुस्तकात हे सगळं आलं आहे, आणि मला ते पुस्तक फार मोलाचं वाटतं ते याचसाठी. न्यायमूर्ती शिकवायचे मनापासून, पण घरातल्या बायकांशी वाद घालायचे नाहीत. पुस्तक उघडायचं रमाबाईंनी, आणि ते उघडल्याबद्दल बोलणी खायची तीही रमाबाईंनीच. पुढे त्यांनी पुण्यात सेवासदन उभं केलं, बायकांना नर्सिंगचं शिक्षण मिळवून दिलं. म्हणून त्या मोठ्या. बोलणी निमूट खाल्ली म्हणून नव्हे.

आता आनंदीबाई. आपण फिलाडेल्फियाजवळ राहतो, म्हणून मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात तुम्हा मुलींना आनंदीबाई जोशींची गोष्ट सांगितली जाते. तू सातवीत त्यांची भूमिकाही केली होतीस, नऊवारी नेसून. ११ मार्च १८८६ ला त्यांना इथे वैद्यकीची पदवी मिळाली. त्या एकवीस वर्षांच्याही नव्हत्या. टाळ्या इथे पडतात. पण त्याआधीचं ऐक. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी मूल, ते दहा दिवसांत गेलं. अभ्यास सोडून स्वयंपाकघरात दिसली म्हणून नवरा, गोपाळराव, तिला मारत. लहानपणीच्या त्या माराबद्दल तिने स्वतः पुढे नवऱ्याला पत्रात लिहिलं आहे. निघण्याआधी श्रीरामपूरला, म्हणजे बंगालमधल्या, तिला भरसभेत उभं राहून सांगावं लागलं, की मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. इथल्या थंडीत तिने आपलं जेवण आणि साडी सोडली नाही. साडी थोडी वेगळ्या पद्धतीने नेसली तर त्यावरही तिकडून नाराजी आली. डॉक्टर होऊन परतली, कोल्हापूरच्या इस्पितळात नेमणूक झाली होती, ती रुजू होण्याआधीच फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात क्षयाने गेली.

ईरा, मला त्यांच्याबद्दल अतोनात आदर आहे. पण या गोष्टीचा उपयोग मुलींना 'बघ, तिने एवढ्या हालात केलं, तुला काय झालं' असं ऐकवायला होतो, तेव्हा मला राग येतो. एका पोरीला घराने, नवऱ्याने आणि दोन खंडांतल्या लोकांनी किती बाजूंनी ओढलं, हे त्या गोष्टीत आधी दिसायला हवं.

तुझा प्रश्न तसा १८८२ सालचा आहे. त्या वर्षी बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिली. सुरतेच्या एका तरुण विधवेवर खटला झाला आणि वर्तमानपत्रं बायकांच्याच नावाने बोटं मोडू लागली, त्यावर त्या चिडल्या होत्या. जे दोष बाईच्या माथी मारता ते पुरुषांत नाहीत का, असं त्यांनी सरळ विचारलं. तूही तेच विचारते आहेस, फक्त दोषांऐवजी कौतुकाबद्दल.

हे आता बदललं असेल असं वाटतं ना? भारत सरकारच्या २०२४ च्या पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात जातात आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांची ८८. कायदाही तसाच. २०१७ पासून नोकरदार आईला २६ आठवडे पगारी रजा आहे, आणि ती हवीच. वडिलांना केंद्र सरकारच्या नोकरीत १५ दिवस. खाजगी नोकरीत कायद्याने काहीच नाही. म्हणजे बाळ कुणी सांभाळायचं ते ठरवूनच ठेवलं. आपल्या अमेरिकेने तर देशभरासाठी पगारी बाळंतरजाच केली नाही, १९९३ पासून बारा आठवडे बिनपगारी आहेत, तीही सगळ्यांना नाही. तेव्हा फक्त सांगलीला नावं ठेवू नकोस.

मावशीकडे पोळ्यांना आणि भांड्यांना ज्या बाई येतात, त्या तुला दिसल्या असतीलच. मावशीची नोकरी त्यांच्या खांद्यावर उभी आहे. त्या चार घरं करून स्वतःच्या घरी जातात आणि पुन्हा चुलीशी उभ्या राहतात. 'घर सांभाळून करते' असं त्यांच्याबद्दल कुणी म्हणताना तू ऐकलंस का? करिअर की घर, हा प्रश्नच त्यांना कुणी विचारलेला नाही. प्रेमाताई पुरवांनी १९७५ मध्ये मुंबईत गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. गिरणी कामगारांना डबे देणाऱ्या त्या बायकांना बँकेचं कर्ज मिळालं, म्हणजे त्यांच्या स्वयंपाकाला कुणीतरी काम मानलं. स्त्रीवाद म्हटलं की मला या बायका आधी आठवतात.

एक गोष्ट मात्र मला खटकली. 'मावशीला बिचारीला कळतच नाही' असं तू लिहिलंस. कळतं तिला. बदलीच्या गावी ती दोन वर्षं एकटी राहिली, फ्लॅट स्वतःच्या नावावर घेतला, तेव्हा सासरी जे झालं ते तुला माहीत नाही. गौरी तिला मनापासून आवडतात. मलाही आवडतात. तिची कीव करू नकोस. पुढच्या वेळी पुरण वाटायला तिच्या मुलाला हाताला धरून स्वयंपाकघरात ने, तो तुझं ऐकतो.

आणि तुझ्यापुढच्या दोन नोकऱ्या, शिकागोची आणि बॉस्टनची. शिकागोचं काम तुला फारसं आवडत नाही, पण 'पुढे मुलंबाळं झाली की तिथे सोपं जाईल' असं तू लिहिलंस. तू तेवीस वर्षांची आहेस. अजून जोडीदार नाही, घर नाही, मूल नाही, आणि त्यांच्या सोयीसाठी आत्ताच आवडतं काम सोडायला निघालीस. ही अट तुला आम्ही घातलेली नाही. बॉस्टनचं काम घे. पुढचं पुढे, आणि तेव्हा विचार करायला तू एकटी नसशील. करारपत्र आलं की सही करण्याआधी बाबांना पाठव, विम्याची बारीक अक्षरं ते माझ्यापेक्षा नीट वाचतात.

तुझी,
आई