जलप्रदूषणावर चित्रमालिका करायची आहे. माध्यम कोणतं घेऊ? ॲक्रिलिक चालेल का?

चालतं की. मीसुद्धा नदीवरची अठरा चित्रं त्यातच केली. प्रदर्शनाला चार दिवस उरले आणि घरचं बेसिन तुंबलं. खालचा वाकडा पाइप उघडला, तर आतून रबरासारखा बोळा निघाला, अंगठ्याएवढा. ब्लेडनं कापून पाहिला. आत थर होते: निळा, गेरू, काळा, परत निळा. मालिकेचा सगळा हिशेब तिथे जमा. ॲक्रिलिक म्हणजे प्लास्टिक, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण जे पाइपात अडकलं नाही ते कुठे गेलं, हे बेसिन तुंबेपर्यंत डोक्यातच आलं नाही. आणि मी रंगवत काय होतो, तर नाल्याचं तोंड!

सोबत प्रदर्शन करणारा मित्र (तो एपॉक्सी रेझिनमध्ये, म्हणजे ओतून घट्ट होणाऱ्या पारदर्शक प्लास्टिकमध्ये, चकचकीत मेलेले मासे करायचा, गर्दी सगळी त्याच्याकडे) म्हणाला, "अरे, एका बादलीनं नदी मरते का? विषय पोचला म्हणजे झालं." सांडपाणी सोडणारा प्रत्येक जण हेच म्हणतो. तेव्हा मला हे सुचलं नाही, म्हणून आता इथे लिहितोय.

हान्स हाके या कलाकारानं १९७२ साली जर्मनीत, क्रेफेल्डच्या संग्रहालयात ऱ्हाइन नदीचं घाण पाणी आणून गाळलं, त्यात गोल्डफिश सोडले आणि जास्तीचं पाणी बागेत जाऊ दिलं. अमेरिकेत चित्रकार जॉन सॅब्रॉ जुन्या खाणींतून झिरपणाऱ्या पाण्यातलं लोह वेगळं काढून त्याचाच रंग करतात. विषय असा पोचवावा. रडणारी पृथ्वी आणि नळाचा शेवटचा थेंब, एवढं कृपा करून नको.

ॲक्रिलिकच हवं असेल तर ब्रश आधी फडक्याला पुसा. धुतलेलं पाणी बादलीत साठवा, त्यात तुरटी आणि थोडा चुना घाला. रंग फाटून तळाशी बसतो. गाळा, गाळ वाळवा आणि कचऱ्यात टाका. कॅडमियम या विषारी धातूचे रंग असतील तर तो गाळ साध्या कचऱ्यात नको. शिवाय गाळलेलं पाणी स्वच्छ दिसलं तरी विरघळलेलं सगळं त्यातच राहतं, झाडांना घालू नका. आणि हो, नाल्याचंच पाणी वापरणार असाल तर हातमोजे घाला.

तो बोळा बाटलीत ठेवलाय. मित्राला फोटो पाठवला, तर म्हणाला, "भारी आहे! दे, रेझिनमध्ये बसवतो."