उस्ताद कोणत्या रेजिमेंटचे, ते आधी विचार

एनसीसीत नाव घातलंस, छान केलंस. पहिल्या परेडला एक गोष्ट नीट बघ: समोर उभी असलेली सगळी माणसं एकाच वाटेने आलेली नसतात.

आपले एएनओ सर, म्हणजे कॉलेजातल्या एनसीसीची जबाबदारी सांभाळणारे असोसिएट एनसीसी ऑफिसर, मुळात कॉलेजचे प्राध्यापक. कामठीच्या अकादमीत प्रशिक्षण घेऊन ते एनसीसीचे अधिकारी होतात; मॅडम असतील तर ग्वाल्हेरला. अर्ज, हजेरी, कॅम्पची परवानगी यासाठी त्यांच्याकडेच जायचं.

ड्रिल आणि हत्यार शिकवणारे हवालदार किंवा सुभेदार साहेब, म्हणजे आपले उस्ताद, मात्र सेवेतले सैनिक, आपापल्या पलटणीतून काही वर्षांसाठी एनसीसी बटालियनवर आलेले. त्यांच्या खांद्यावरचं रेजिमेंटचं नाव वाच. इन्फंट्रीचे (पायदळाचे) असतील तर नकाशावाचन आणि फील्डक्राफ्ट (मैदानात लपत-छपत हालचाल करण्याचं तंत्र) त्यांच्याकडून मागून शीक, सिग्नल्सचे असतील तर वायरलेसवर कसं बोलतात ते. माझी पॉइंट टू टू रायफलची गोळी सारखी उजवीकडे जायची. मराठा लाइट इन्फंट्रीच्या उस्तादांनी शेजारी पालथं पडून फक्त माझं ट्रिगरवरचं बोट बघितलं, म्हणाले, "ओढू नकोस, दाब." पुढच्या पाचही गोळ्या मुठीएवढ्या जागेत बसल्या.

चहाच्या सुट्टीत त्यांच्या पोस्टिंगबद्दल जरूर विचार, पण कारवायांचे किस्से उकरू नकोस. सांगायचं ते स्वतःहून सांगतात.

अधिकारी व्हायचंय ना? मग एनसीसीच्या 'सी' सर्टिफिकेटला किमान बी ग्रेड हवीच. एनसीसी स्पेशल एंट्रीतून सीडीएस ही अधिकारी भरतीची लेखी परीक्षा टळते, एसएसबी ही निवड मंडळाची मुलाखत मात्र द्यावीच लागते. त्या तयारीसाठी बटालियनचे प्रमुख कर्नल साहेबांना भेट. ती मुलाखत त्यांनी स्वतः दिलेली असते.